अंतराळसंस्थेचे इंग्रजी नाव : लेखन, उच्चार आणि अर्थ

भारताचे एक रंगीत रात्रचित्र गेली अनेक वर्षे दिवाळीच्या सुमारास हातोहाती फिरत असते. काळ्या पार्श्वभूमीवर देशाची आकृती पांढऱ्या, निळ्या, हिरव्या व तांबड्या ठिपक्यांनी उजळलेली दिसते, आणि तिच्याखाली बहुधा इंग्रजीत एक ओळ असते : दिवाळीच्या रात्री 'नासा'ने अंतराळातून टिपलेला भारत. ह्या एका ओळीत दोन चुका आहेत. ते चित्र दिवाळीच्या रात्रीचे नाही, आणि ते नासाने काढलेलेही नाही.

अमेरिकेच्या संरक्षणखात्याच्या हवामान-उपग्रहांनी अनेक वर्षांत मिळवलेल्या नोंदींवरून ते चित्र २००३ साली जुळवण्यात आले. जुळवणारे शास्त्रज्ञ ख्रिस एल्विज हे 'नोआ' ह्या संस्थेचे होते. नोआ म्हणजे नॅशनल ओशियानिक अँड ॲटमॉस्फेरिक ॲडमिनिस्ट्रेशन. सागर व वातावरण ह्यांचा अभ्यास करणारी, १९७० साली स्थापन झालेली अमेरिकन शासकीय संस्था. चित्रातील रंग हे फटाक्यांचे किंवा पणत्यांचे नसून वर्षांचे आहेत. १९९२ पूर्वीच दिसत असलेले नगरांचे दिवे पांढरे, १९९२ साली दिसू लागलेले निळे, १९९८ सालचे हिरवे आणि २००३ सालचे तांबडे. वस्ती कोठे व केव्हा वाढली हे दाखविण्यासाठी केलेला तो नकाशा होता. पुढे नोव्हेंबर २०१२ मध्ये नासाने दिवाळीच्या दिवसांतील भारताचे खरे रात्रचित्र प्रसिद्ध केले, तेव्हा ह्या जुन्या चित्राचा खुलासाही केला. खऱ्या चित्रात रंगांची उधळण नाही. दिवाळीत होणारा जादा उजेड इतका अल्प असतो की अंतराळातून तो बहुधा जाणवतही नाही, असे नासाने त्याबरोबर स्पष्ट केले.

नोआच्या जागी नासा लिहिले गेले, तेव्हा बदलली ती केवळ दोन अक्षरे. परंतु त्याबरोबर चित्र कोणी केले, कशासाठी केले, त्याची शहानिशा कोणाकडे करावी, ही सारी माहितीच वाचकाच्या हातून निसटली. शासकीय अंतराळसंस्थेचे नाव इंग्रजीत अचूक लिहिणे हा विषय म्हणूनच व्याकरणाच्या तासापुरता मर्यादित नाही. विद्यार्थी, शिक्षक, वार्ताहर व भाषांतरकार ह्यांना हे नाव आज वारंवार लिहावे लागते, आणि बहुतेकांचा गोंधळ काही ठराविक ठिकाणीच होतो. ती ठिकाणे एकदा ओळखून घेतली की पुढचे काम सोपे होते.

पूर्ण नावातील प्रत्येक शब्द

'नासा' हे नाव चार इंग्रजी आद्याक्षरांचे बनले आहे : एन, ए, एस, ए. त्यांचा विस्तार नॅशनल एरोनॉटिक्स अँड स्पेस ॲडमिनिस्ट्रेशन असा आहे. लिहिताना ह्या पाच शब्दांपैकी दोन शब्द वारंवार बिघडतात.

पहिला शब्द 'एरोनॉटिक्स'. त्याच्या जागी पुष्कळदा 'एरोनॉटिकल' असे विशेषण लिहिले जाते. फिजिक्स, मॅथेमॅटिक्स ह्या शब्दांप्रमाणेच एरोनॉटिक्स हे एका शास्त्राचे नाव आहे. त्याच्या शेवटचा 'एस' हा अनेकवचनाचा प्रत्यय नव्हे. वातावरणात उडणाऱ्या यानांचे शास्त्र ते एरोनॉटिक्स, आणि वातावरणापलीकडचा प्रदेश ती स्पेस. नावात हे दोन विषय 'अँड' ह्या शब्दाने जोडलेले आहेत, कारण संस्थेवर दोन्ही कामे सोपविलेली आहेत. नासाचे नाव निघताच चंद्र व मंगळ आठवतात. पण विमानांच्या पंखांचा, इंजिनांचा व हवेच्या प्रवाहाचा अभ्यासही ती संस्था करते. पहिला 'ए' ह्या कामाचा आहे.

त्याची मुळे जुनी आहेत. ३ मार्च १९१५ रोजी अमेरिकेत नॅशनल ॲडव्हायझरी कमिटी फॉर एरोनॉटिक्स नावाची समिती स्थापन झाली. लँग्ले, एम्स व लुइस ही तिची मोठी संशोधनकेंद्रे होती. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला, आणि अंतराळाचे काम एका मुलकी संस्थेकडे एकत्र द्यावे असा विचार अमेरिकेत बळावला. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर ह्यांनी २९ जुलै १९५८ रोजी तत्संबंधीच्या कायद्यावर सही केली. १ ऑक्टोबर १९५८ रोजी जुनी समिती आपल्या प्रयोगशाळांसह व सुमारे ८,००० कर्मचाऱ्यांसह नव्या संस्थेत विलीन झाली. विमानविद्येचे काम ह्या वारशाने नासाकडे आले.

वारंवार बिघडणारा दुसरा शब्द 'ॲडमिनिस्ट्रेशन'. त्याऐवजी कोणी 'असोसिएशन' लिहितात, कोणी 'एजन्सी' लिहितात. ही दुसरी चूक समजण्याजोगी आहे, कारण एप्रिल १९५८ मध्ये सरकारने मांडलेल्या विधेयकात 'एजन्सी' हाच शब्द होता. प्रतिनिधिगृहात विधेयकावर विचार होत असता तो पालटून 'ॲडमिनिस्ट्रेशन' करण्यात आला. त्यामुळेच नासाच्या प्रमुखाचे पदनाम डायरेक्टर किंवा चेअरमन असे नसून 'ॲडमिनिस्ट्रेटर' असे आहे. 'असोसिएशन' म्हणजे सभासदांनी स्वेच्छेने चालविलेला संघ. कायद्याने निर्माण झालेल्या सरकारी संस्थेस तो शब्द लावणे सर्वस्वी गैर होय. नासास 'अ स्पेस एजन्सी' म्हणण्यास मात्र हरकत नाही. तेथे एजन्सी हे सामान्यनाम असते, व ते लहान अक्षरांनी लिहावयाचे असते.

इतर देशांच्या संस्थांबाबतही हीच काळजी घ्यावी लागते. १९७५ साली स्थापन झालेली 'ईसा' ही 'युरोपियन स्पेस एजन्सी' होय. जपानची 'जाक्सा' १ ऑक्टोबर २००३ रोजी तीन जुन्या संस्था एकत्र करून निर्माण झाली. तिच्या पूर्ण नावात प्रथम 'जपान' असे देशाचे नाव येते, 'जपानीज' असे विशेषण येत नाही. आणि मधला 'एक्स' हा 'एक्सप्लोरेशन' ह्या शब्दातून घेतला आहे. एका संस्थेच्या नावाची घडण पाहून दुसरीचे नाव अंदाजाने लिहू गेल्यास हटकून चूक होते.

निश्चित उपपद केव्हा?

इंग्रजी लिहिताना मराठी माणसास सर्वांत अधिक सतावते ते 'द' हे निश्चित उपपद. मराठीत त्यास प्रतिशब्द नाही, म्हणून ते कोठे घालावे ह्याची जाण कानाने येत नाही. अंतराळसंस्थांच्या बाबतीत पुढील सूत्र उपयोगी पडते.

पूर्ण नाव लिहिताना वाक्यात त्यापूर्वी 'द' हवा : 'द नॅशनल एरोनॉटिक्स अँड स्पेस ॲडमिनिस्ट्रेशन', 'द इंडियन स्पेस रिसर्च ऑर्गनायझेशन'. संक्षिप्त नाव एका शब्दाप्रमाणे उच्चारले जात असेल, तर त्यापूर्वी 'द' नको. 'नासा लाँच्ड', 'इस्रो अनाउन्स्ड' असेच लिहावे. अक्षरे सुटी सुटी उच्चारली जात असतील, तर मात्र पुष्कळदा 'द' ठेवतात. एफ-बी-आय व सी-आय-ए ह्या अमेरिकन संस्थांची नावे 'द' लावून घेतली जातात, ती ह्यामुळेच. हा नियम लोखंडी नाही, रूढीने त्यास अपवाद केले आहेत. तथापि नासा व इस्रो ह्या दोन नावांपुरता त्याचा भरवसा धरावा.

नासाच्या पूर्वीच्या समितीचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. तिची आद्याक्षरे एन, ए, सी, ए अशी होती. ती एकत्र उच्चारून सहज शब्द करता आला असता, परंतु समितीतील मंडळी ती सुटीच म्हणत आणि मागे 'द' लावीत. १९५८ साली संस्था बदलली तरी सवय लगेच सुटली नाही. आरंभीच्या काळातील कागदपत्रांत नव्या संक्षिप्त नावामागेही 'द' आढळतो. लोकांच्या तोंडी मात्र चार अक्षरांचा एक शब्द झाला आणि उपपद गळून पडले. आज इंग्रजीत कोणी 'द नासा' लिहिले तर ते खटकते. भारतीय इंग्रजी वृत्तपत्रांत 'द इस्रो' अजूनही अधूनमधून दिसते. संस्थेच्या स्वतःच्या लेखनात सामान्यतः ते नसते.

ह्यात एक सावधगिरी बाळगली पाहिजे. 'द नासा ॲडमिनिस्ट्रेटर' किंवा 'द इस्रो चेअरमन' ही रचना शुद्ध आहे. येथील 'द' संस्थेच्या नावाचा नसून पुढे येणाऱ्या पदाचा आहे, आणि संस्थेचे नाव विशेषणासारखे मध्ये बसले आहे.

अनिश्चित उपपदाचा निवाडा अक्षरावर न करता ध्वनीवर करावा. नासा हा शब्द 'न' ह्या व्यंजनाने सुरू होतो, म्हणून एक नासा-शास्त्रज्ञ म्हणताना 'अ' लागते. इस्रो स्वराने सुरू होतो, म्हणून 'ॲन इस्रो सायंटिस्ट'. परंतु त्याच 'एन' अक्षराने आरंभ होणारे नाव सुटे उच्चारले जात असेल, तर 'एन' ह्या उच्चाराच्या आरंभी स्वर येतो व 'ॲन' लागते. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचे अनुदान म्हणजे 'ॲन एन-एस-एफ ग्रँट' होय. अक्षर एकच, पण उपपद दोन. कारण उच्चार दोन आहेत.

मोठी अक्षरे, टिंबे व वर्णलेखन

अमेरिकेत व खुद्द नासाच्या लेखनात संक्षिप्त नावाची चारही अक्षरे मोठी असतात. ब्रिटनमधील काही वृत्तसंस्था, उदाहरणार्थ बी.बी.सी. व गार्डियन हे वृत्तपत्र, केवळ पहिले अक्षर मोठे घेतात. कारण तेथे शब्दासारखे उच्चारले जाणारे संक्षेप विशेषनामाप्रमाणे लिहिण्याची पद्धत आहे. ही चूक समजू नये. ती त्या घराची रीत आहे. भारतीय लेखकाने चारही अक्षरे मोठी लिहावीत हे बरे, आणि एकाच लेखात दोन पद्धती मिसळू नयेत. जुन्या छापील मजकुरात अक्षरांमध्ये टिंबे दिसतात. आज ती देत नाहीत.

पूर्ण नावात महत्त्वाच्या शब्दांची आद्याक्षरे मोठी असतात, पण 'अँड', 'फॉर', 'ऑफ' हे जोडशब्द लहान अक्षरांनीच लिहितात. रशियाच्या 'रॉसकॉसमॉस' ह्या नावाचा प्रकार निराळा आहे. ते आद्याक्षरांचे बनलेले नसून रशियन शब्दांचे तुकडे जोडून झाले आहे. म्हणून त्याचे पहिले अक्षर तेवढे मोठे असते. सर्व अक्षरे मोठी करून ते लिहिल्यास वाचक नसलेला विस्तार शोधीत बसेल.

वर्णलेखनाचा प्रश्न 'केंद्र' ह्या शब्दापाशी येतो. अमेरिकन इंग्रजीत ह्या शब्दाच्या शेवटी 'ई' आधी व 'आर' नंतर येतो. ब्रिटिश व भारतीय इंग्रजीत 'आर' आधी व 'ई' नंतर येतो. विशेषनामात ज्याचे लेखन त्याच्याप्रमाणे ठेवावे, असा ह्याबाबतचा दंडक आहे. फ्लॉरिडातील केनेडी अंतराळकेंद्राचे नाव अमेरिकन पद्धतीने, आणि तिरुवनंतपुरम येथील विक्रम साराभाई अंतराळकेंद्राचे नाव भारतीय पद्धतीने लिहावे, मग ती एकाच वाक्यात शेजारी आली तरी चालेल. संगणकातील शुद्धलेखन-तपासनीस अशा वेळी एकाखाली तांबडी रेघ ओढतो. त्याचे न ऐकलेले चांगले, कारण नावाचा मालक तो नव्हे.

आपल्या संस्थेचे नाव

भारतीय संस्थेच्या नावात हाच प्रश्न 'ऑर्गनायझेशन' ह्या शब्दाने उभा केला आहे. इस्रोच्या नावात ह्या शब्दाचे लेखन 'एस' घालून होते, 'झेड' घालून नव्हे. परदेशी नियतकालिके आपल्या पद्धतीस धरून तेथे 'झेड' घालतात. भारतीय विद्यार्थ्याने तरी आपल्याच संस्थेचे नाव तिच्या लेखनानुसार लिहावे.

दुसरी चूक अधिक सर्रास आढळते. 'स्पेस' व 'रिसर्च' ह्या दोन शब्दांमध्ये पुष्कळ जण 'अँड' घालतात. नासाच्या नावात 'अँड' आहे, त्याचा हा परिणाम असावा. परंतु त्यायोगे अर्थच पालटतो. मूळ नावाचा अर्थ अंतराळविषयक संशोधन करणारी संघटना असा आहे. 'अँड' घातल्यावर अंतराळ आणि वाटेल ते संशोधन असे दोन वेगळे उद्योग होतात.

तिसरी चूक खास मराठी व्यक्तीची आहे. मराठीत इस्रोस भारतीय अंतराळ संशोधन संस्था असे म्हणतात. आपला 'संस्था' हा शब्द मोठा उदार आहे. शाळा चालविणारे मंडळ, प्रयोगशाळा, ग्रंथालय, सहकारी पतपेढी, सर्वांना तो सामावून घेतो. मराठी नावावरून इंग्रजीत उलट भाषांतर केले की 'इन्स्टिट्यूट' असा शब्द येतो, आणि नोकरीच्या अर्जात किंवा शालेय निबंधात 'इंडियन स्पेस रिसर्च इन्स्टिट्यूट' नावाची अस्तित्वात नसलेली संस्था जन्मास येते. हिंदीभाषी प्रदेशांत राहणाऱ्या मराठी वाचकांस हा घोटाळा कमी होतो, कारण हिंदी नावात 'संगठन' हा शब्द आहे. संस्थेचे नाव भाषांतरित नावावरून परत इंग्रजीत आणू नये; ते मूळ ठिकाणी पाहून घ्यावे.

इस्रोच्या केंद्रांची नावेही नीट पाहण्याजोगी आहेत. अहमदाबाद येथील 'स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटर' ह्या नावात मधला शब्द अनेकवचनी आहे. अंतराळविद्येचे उपयोग अनेक आहेत, म्हणून तो तसा आहे. हैदराबाद येथील दूरसंवेदन-केंद्र २००८ पूर्वी 'एजन्सी' होते, आता 'सेंटर' आहे. आणि इस्रो स्वतः खाते नव्हे. ती अंतराळ विभाग ह्या केंद्र सरकारच्या विभागाखाली काम करते. तो विभाग १९७२ साली निर्माण झाला. विभागाचा निर्णय व इस्रोचा निर्णय ह्या दोन गोष्टी इंग्रजीत एकाच नावाने सांगू नयेत.

नाव आणि वर्ष

संस्थांची नावे बदलतात, आणि इतिहास सांगताना त्या त्या काळचे नाव सांगावे लागते. अमेरिकेचा पहिला उपग्रह एक्सप्लोरर-१ हा ३१ जानेवारी १९५८ रोजी सुटला. तो नासाने सोडला असे विधान अनेक इंग्रजी निबंधांत आढळते. त्या दिवशी नासा अस्तित्वातच नव्हती. तो भूसेनेच्या अग्निबाणाने गेला, आणि उपग्रहाची बांधणी जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने केली होती. ही प्रयोगशाळा त्या वेळी भूसेनेसाठी काम करीत असे. ती नासाकडे डिसेंबर १९५८ मध्ये आली. स्पुटनिक रॉसकॉसमॉसने सोडला, हेही असेच कालविपर्यासाचे विधान होय. ती रशियन संस्था सोव्हिएत संघाच्या विघटनानंतरची आहे.

भारताबाबतही हा विचार करावा. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा येथून पहिला अग्निबाण उडाला. तो नाइके-अपाची जातीचा, नासाने दिलेला अग्निबाण होता. इस्रोची स्थापना १५ ऑगस्ट १९६९ रोजी झाली. तेव्हा थुंब्याचे ते उड्डाण इस्रोचे म्हणता येत नाही. १९६२ साली अणुऊर्जा विभागाखाली विक्रम साराभाईंच्या अध्यक्षतेने जी समिती नेमली गेली होती, तिच्या काळातील ते उड्डाण होय. 'इन्कोस्पार' ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या समितीचे सदस्य-सचिव एकनाथ चिटणीस हे होते. इस्रोचे नाव १९६३ मध्ये नेऊन ठेवले तर ह्या समितीचे व तेथे राबलेल्या माणसांचे श्रेय पुसले जाते.

स्थळांचेही तसेच आहे. १९६९ साली अपोलो-११ चे नियंत्रण ह्यूस्टनच्या ज्या केंद्रातून झाले, त्याचे नाव तेव्हा मॅन्ड स्पेसक्राफ्ट सेंटर असे होते. जॉन्सन ह्यांचे नाव त्यास १९७३ साली मिळाले. श्रीहरिकोट्याच्या केंद्रास सतीश धवन ह्यांचे नाव २००२ साली देण्यात आले. जुन्या घटनेविषयी लिहिताना त्या काळचे नाव द्यावे आणि आजचे नाव जोडवाक्यात सांगावे, म्हणजे वाचक दोन्ही ठिकाणी चुकत नाही.

वाक्याचा कर्ता कोण?

इतके सारे शुद्ध लिहूनही एक चूक उरते, आणि तीच सर्वांत घातक आहे. नाव बिनचूक असते, पण जे काम त्या संस्थेने केले नाही त्याचा कर्ता म्हणून ते वाक्यात बसविले जाते.

संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा आहे असे नासाने जाहीर केले, हे विधान भारतात फार पसरले आहे. त्याचे मूळ १९८५ सालच्या एका लेखात आहे. रिक ब्रिग्ज ह्या संशोधकाने कृत्रिम बुद्धिमत्तेस वाहिलेल्या 'एआय मॅगझिन' ह्या अमेरिकन नियतकालिकात तो लिहिला. संस्कृत वैयाकरण वाक्याच्या अर्थाची जी तर्कशुद्ध फोड करीत, तिचे संगणकात ज्ञान मांडण्याच्या पद्धतींशी साम्य आहे, आणि म्हणून नैसर्गिक भाषाही कृत्रिम भाषेचे काम करू शकते, असा त्याचा आशय होता. लेखक ज्या संशोधनसंस्थेत होते, ती नासाच्या एम्स संशोधनकेंद्रात होती. त्यामुळे लेखावर नासाचे नाव आले. एका संशोधकाचे मत 'नासा'चे मत झाले, आणि विचारार्थ मांडलेला मुद्दा 'घोषणा' झाला. मूळ लेख संस्कृत व्याकरणपरंपरेचा गौरवच करतो, व तो वाचण्यासारखा आहे. परंतु जे त्यात नाही ते त्याच्या नावावर खपविल्याने त्या परंपरेचे काही भले होत नाही.

म्हणून इंग्रजी वाक्य लिहिताना कर्ता व क्रियापद ह्यांची सांगड तपासावी. 'नासा हॅज डिक्लेअर्ड' असे लिहावयाचे तर संस्थेचे अधिकृत निवेदन हाती असले पाहिजे. तेथील एका शास्त्रज्ञाने लेख लिहिला असेल, तर 'अ सायंटिस्ट ॲट' अशी सुरुवात करून केंद्राचे नाव द्यावे. संस्थेच्या पैशावर विद्यापीठात काम झाले असेल, तर विद्यापीठ हा कर्ता व नासा ही साहाय्यक. वर आलेली जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी नासासाठी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी चालविते, आणि तेथील कर्मचारी त्या संस्थेचे नोकर असतात. हाही भेद ध्यानात ठेवावा.

खासगी कंपन्या अंतराळात उतरल्यापासून हा विवेक अधिकच निकडीचा झाला आहे. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी श्रीहरिकोट्याहून उडालेला विक्रम-एस हा अग्निबाण स्कायरूट ह्या हैदराबादच्या कंपनीचा होता. भूमी व साहाय्य इस्रोचे होते. २५ जून २०२५ रोजी शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाकडे निघाले, तेव्हा अंतराळवीर इस्रोचे, मोहीम ॲक्सिऑम स्पेस ह्या कंपनीची, यान व अग्निबाण स्पेसएक्स ह्या कंपनीचे, आणि उड्डाणस्थळ नासाचे केनेडी केंद्र होते. हे चौघे एका नावाखाली दडपले, तर वाक्य सुटसुटीत होईल, पण खरे राहणार नाही.

कायद्यासही ह्या नावांचे मोल ठाऊक आहे. एखाद्या विक्रीच्या वस्तूस नासाची मान्यता किंवा पाठबळ आहे असा समज व्हावा, अशा रीतीने जाणूनबुजून ते नाव वापरण्यास अमेरिकन कायद्याने मनाई केली आहे. भारतातही बोधचिन्हे व नावे ह्यांच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणारा १९५० चा अधिनियम आहे. शासनाचा आश्रय सूचित करणारे नाव केंद्र सरकारच्या परवानगीवाचून धंद्यासाठी वापरता येत नाही. एखादी गादी किंवा गोळी 'नासाने प्रमाणित' म्हणून विकली जात असेल, तर ग्राहकाने प्रथम त्या प्रमाणाची मूळ नोंद मागावी.

एकत्र आलेली दोन नावे

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून 'निसार' हा उपग्रह सोडण्यात आला. त्याच्या नावात दोन्ही संस्था आहेत : नासाचा 'एन', इस्रोचा 'आय', आणि पुढे सिंथेटिक ॲपर्चर रडार ह्या उपकरणाची तीन आद्याक्षरे. एल-पट्ट्यातील रडार अमेरिकेने दिले, एस-पट्ट्यातील रडार भारताने दिले. बारा मीटर व्यासाची उलगडणारी जाळीदार तबकडी नासाची, अग्निबाण व उड्डाण इस्रोचे. ढग असोत वा रात्र असो, दर बारा दिवसांनी तो उपग्रह पृथ्वीवरील त्याच भागावर परत येतो व जमिनीची सूक्ष्म हालचाल टिपतो.

त्याने टिपलेल्या नोंदी भूकंप, दरडी, हिमनद्या व पिके ह्यांच्या अभ्यासाकरिता जगभर वापरल्या जाण्यासाठी आहेत, आणि त्यांविषयी इंग्रजीत पुष्कळ लिहिले जाईल. डोंगर खचल्याची किंवा पीक बुडाल्याची एखादी बातमी ह्या उपग्रहाच्या नावाने येईल, तेव्हा ती खरी की खोटी हे पाहण्यासाठी वाचकास मूळ नोंदीपर्यंत जावे लागेल. तेथवर नेणारा पत्ता म्हणजे संस्थेचे बिनचूक लिहिलेले नाव. लेख लिहून झाल्यावर त्यातील प्रत्येक संस्थानामापाशी लेखकाने क्षणभर थांबावे आणि तीन गोष्टी पाहाव्यात : पूर्ण नाव तिच्या स्वतःच्या लेखनाप्रमाणे आहे काय, घटनेच्या वर्षी संस्था त्या नावाने अस्तित्वात होती काय, आणि वाक्यात सांगितलेले काम खरोखर तिनेच केले काय. तिन्हींचे उत्तर होकारार्थी आले, म्हणजे ते वाक्य छापावयास द्यावे.